बेसबॉल कार्डांतील उपभेद

बेसबॉल कार्डांतील उपभेद : एकाच संचातील, एकाच खेळाडूच्या, एकाच चित्राच्या कार्डाच्या ज्या थोड्याफार वेगळ्या प्रती छापल्या गेल्या, त्यांना उपभेद म्हणतात. फरक मथळ्यातील एखाद्या अक्षराचा असतो, मागील बाजूच्या जाहिरातीचा असतो, शाईच्या रंगाचा असतो किंवा नुसत्या कागदाच्या जाडीचा. अमेरिकेत ही कार्डे आधी सिगारेटच्या, मग गोळ्यांच्या व च्युइंगगमच्या पाकिटांतून आली आणि पुढे स्वतंत्रपणे विकली जाऊ लागली. ती जमवण्याचा छंद सर्वपरिचित आहे. प्रस्तुत नोंद उपभेद ओळखण्यापुरतीच आहे.

उपभेद कशाला म्हणावे याबद्दल संग्राहकांत एकमत नाही. छापखान्याने जाणूनबुजून केलेला बदल, मग तो चूक सुधारण्यासाठी असो वा खेळाडूने संघ बदलल्यामुळे, हा उपभेदच, यावर वाद नाही. वाद आहे तो यंत्रावर आपोआप घडलेल्या आणि अनेक प्रतींवर सारख्याच उमटलेल्या दोषांबद्दल. फ्रेड स्नॉडग्रास या खेळाडूच्या, टी-२०६ या जुन्या तंबाखूच्या पाकिटांतील संचातल्या (पुढे पाहा) कार्डाच्या काही प्रतींवर आडनावाचे पहिले अक्षर उमटलेलेच नाही, त्यामुळे तो ‘नॉडग्रास’ झाला. याच संचातील बिल स्वीनीच्या काही प्रतींवर सदऱ्यावरचे ‘बी’ हे अक्षर गायब आहे. एक पक्ष म्हणतो, दोष वारंवार आढळतो म्हणजे तो यादीत हवा. दुसरा म्हणतो, छपाईच्या दगडावरची रेखाटणी बदलली नसेल तर तो केवळ मुद्रणदोष. बाजाराने पहिल्या पक्षाला कौल दिलेला दिसतो. मुद्रणाच्या दृष्टीने मात्र दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक सुसंगत वाटते, कारण पहिला निकष लावला तर शाई कमीजास्त झालेल्या प्रत्येक तावाला वेगळे नाव द्यावे लागेल.

टी-२०६ : उपभेदांचा विचार ज्या संचाभोवती वाढला तो हा संच. अमेरिकन टोबॅको कंपनीने तो साधारणतः १९०९ ते १९११ या काळात आपल्या तंबाखूच्या पाकिटांतून दिला. छपाई न्यूयॉर्कच्या अमेरिकन लिथोग्राफिक कंपनीची. कार्ड अगदी लहान, सुमारे ३६.५ × ६६.७ मिमी. पुढे पांढरी चौकट, आत रंगीत शिलामुद्रित चित्र, तळाशी तपकिरी शाईत आडनाव व गाव. समोरच्या बाजूंची सर्वमान्य संख्या ५२४ आहे. मागच्या बाजूला मात्र तंबाखूच्या १६ वेगवेगळ्या छापांच्या (ब्रँडच्या) जाहिराती आहेत. त्यांत पिडमाँट, स्वीट कॅपोरल, सॉव्हरिन, ओल्ड मिल, पोलर बेअर, सायकल, टॉल्स्टॉय, लेनॉक्स, ड्रम, ब्रॉड लीफ, उझिट यांच्या जोडीला ‘हिंदू’ नावाचीही एक सिगारेट आहे. पिडमाँट व स्वीट कॅपोरल पैशाला पासरी; ड्रम, उझिट, लेनॉक्स, ब्रॉड लीफ दुर्मिळ. त्यामुळे पुढून तंतोतंत सारख्या दोन कार्डांच्या किमतींत मागच्या बाजूमुळे कित्येक पटींचा फरक पडतो.

एका छापाच्या आतही पोटभेद आहेत. मागे ‘१५० विषय’, ‘३५० विषय’ किंवा ‘४६० विषय’ असे आकडे येतात (विषय म्हणजे कार्डांवरील चित्रे). ‘३५०-४६०’ असा जोडआकडाही आढळतो. हे आकडे छपाईचे क्रमाने आलेले टप्पे दाखवतात, असा सामान्य समज आहे व तो बराचसा ग्राह्य आहे. प्रत्येक टप्प्याला नेमके वर्ष चिकटवणे मात्र धोक्याचे. याखेरीज करआकारणीच्या नियमांमुळे छापावा लागणारा कारखान्याचा व जिल्ह्याचा क्रमांक असतो. स्वीट कॅपोरलच्या मागे २५, ३०, ४२ किंवा ६४९ यांपैकी एखादा कारखाना सापडतो. यांतील २५ क्रमांक व्हर्जिनियातला, ३० न्यूयॉर्कमधला. ६४९ हा क्रमांक मूळ मजकुरावर नंतर वेगळा ठसवलेला असतो. छाप, विषयसंख्या आणि कारखाना हे तिन्ही धरले तर मागच्या बाजूंचे प्रकार तीसच्या पुढे जातात.

समोर आणि मागे यांची सांगड हीच या संचातील खरी कसोटी होय. प्रत्येक चित्र प्रत्येक छापामागे आलेले नाही, आणि नकली माल पकडायला याचाच सर्वाधिक उपयोग होतो. फिलाडेल्फियाच्या शेरी मगी या खेळाडूच्या आडनावाच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला ‘ई’ या अक्षराच्या जागी ‘आय’ पडला. चूक लवकरच दुरुस्त झाली. चुकीचे कार्ड केवळ पिडमाँट १५० या मागच्या बाजूसह आढळते. म्हणजे चुकीच्या स्पेलिंगचे कार्ड हाती आले आणि मागे स्वीट कॅपोरल दिसले, तर भिंग काढण्याचीही गरज नाही: कोणीतरी बरोबर कार्डावरचे एक अक्षर खरवडून बदलले आहे. जो डॉइलची गोष्टही अशीच. तो न्यूयॉर्कच्या अमेरिकन लीगमधील संघाचा. नॅशनल लीग या दुसऱ्या मोठ्या स्पर्धासाखळीत लॅरी डॉइल नावाचा दुसरा खेळाडू होता. छापखान्याने जोच्या नावापुढे नॅशनल लीगचे संक्षिप्त रूप घातले, मग ते काढून टाकले. चुकीच्या प्रती बोटांवर मोजण्याइतक्या आणि त्या पिडमाँट ३५० मागच्याच. रे डेमिट व बिल ओहारा यांची न्यूयॉर्कची कार्डे सर्रास मिळतात. मथळ्यात सेंट लुइस असलेली कार्डे फक्त पोलर बेअरमागे. पोलर बेअर ही सिगारेट नव्हे, चघळण्याची सुटी तंबाखू होती. कार्ड थेट तंबाखूत पडून राहिल्याने त्यावर तपकिरी डाग असणे स्वाभाविक आहे, आणि अशा कार्डावरील डाग हा दोषापेक्षा पुरावाच अधिक ठरतो.

संघबदलाचे उपभेद तुलनेने सोपे. बिल डाहलेन बॉस्टनचा व ब्रुकलिनचा, किड एल्बरफेल्ड न्यूयॉर्कचा व वॉशिंग्टनचा असे दोन्ही मिळतात. टाय कॉबची तर चार स्वतंत्र चित्रे आहेत: लाल व हिरव्या पार्श्वभूमीची दोन व्यक्तिचित्रे, शिवाय बॅट खांद्यावर टेकलेले एक आणि खांद्यापासून दूर धरलेले एक. यांना काही जण उपभेद म्हणतात. ती वेगळी कार्डेच मानावीत.

चूक नसलेली चूकही एक आहे. होनस वॅग्नरच्या प्रसिद्ध कार्डावर ‘पिट्सबर्ग’च्या रोमन स्पेलिंगमध्ये शेवटचे ‘एच’ नाही. नवखे संग्राहक ते मुद्रणदोष समजतात. वस्तुतः अमेरिकेच्या भौगोलिक नाममंडळाने १८९०च्या सुमारास हे अक्षर अधिकृतपणे गाळले होते व १९११ मध्ये ते परत बहाल केले. कार्ड छापले तेव्हा तेच स्पेलिंग शुद्ध होते. उलट ‘एच’ असलेले कार्ड दिसले तर संशय घ्यावा. वॅग्नरची छपाई लवकर का थांबली, त्याला तंबाखूची जाहिरात नको होती की मोबदला पुरेसा नव्हता, यावर बरेच लिहिले गेले आहे; उपभेदांशी त्याचा संबंध नाही.

वर्गीकरणाचा वाद : टी-२०६ हे नाव कार्डावर कोठेही नाही. सिरॅक्यूज येथील जेफरसन बर्डिक यांनी आपल्या अमेरिकन कार्ड कॅटलॉगमध्ये विसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांना ‘टी’ हे अक्षर दिले व पुढे क्रमांक घातले. ‘एन’ एकोणिसाव्या शतकातील तंबाखूसाठी, ‘ई’ जुन्या गोळ्या-मिठाईसाठी, ‘आर’ नंतरच्या च्युइंगगमसाठी. बर्डिक यांचा तीन लाखांहून अधिक कागदी वस्तूंचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयात आहे. त्यांची वर्गवारी आजही चालते, पण तिच्या दोन सीमारेषांवर भांडण आहे.

पहिली सीमारेषा ‘कूपन’ सिगारेटच्या कार्डांची. बर्डिक यांनी कूपनचे तिन्ही टप्पे टी-२१३ या एकाच क्रमांकाखाली ठेवले. त्यांतील पहिला टप्पा, साधारण १९१० चा, पुढून टी-२०६ सारखाच आहे: तीच चित्रे, तीच तपकिरी अक्षरे. फरक म्हणजे कागद स्पष्टपणे पातळ. नंतरच्या टप्प्यांत मथळा निळ्या शाईत येतो आणि पृष्ठभाग चकचकीत होतो. काळ, चित्रे व छपाईची धाटणी एकच असल्याने पहिला टप्पा टी-२०६ मध्ये घ्यावा, असे म्हणणाऱ्यांची बाजू आज भक्कम वाटते. बर्डिक यांनी मागच्या बाजूवरील छापनाम पाहून तिन्ही टप्पे एकत्र बांधले असावेत. क्रमांक रूढ झाल्याने तो बदलण्याची शक्यता कमी. व्यवहारात एवढे लक्षात ठेवले तरी पुरे की मथळा निळा असेल तर कार्ड टी-२०६ नव्हे.

दुसरी सीमारेषा टाय कॉबच्या नावाच्या तंबाखूची. लाल पार्श्वभूमीच्या कॉबच्या अगदी मोजक्या प्रतींमागे ‘टाय कॉब, धूम्रपानाच्या तंबाखूच्या जगाचा राजा’ अशा अर्थाची जाहिरात आहे. या प्रतींची पुढची बाजू चकचकीत आहे, जी इतर टी-२०६ कार्डांत आढळत नाही. म्हणून काही अभ्यासक या कार्डाला एकाच कार्डाचा स्वतंत्र संच मानतात, तर काही सोळावा छाप म्हणून मोजतात. प्रस्तुत नोंदीत रूढीनुसार सोळा हा आकडा घेतला आहे. चकाकीचा मुद्दा त्यामुळे निकालात निघत नाही.

तपासणी : दहापट भिंगाखाली मूळ टी-२०६ चा चेहरा वेड्यावाकड्या, लहानमोठ्या ठिपक्यांचा दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा दगड वेगळा आणि ठिपके माणसाच्या हाताने घातलेले. मथळ्याची अक्षरे मात्र सलग, भरीव शाईची. नंतरच्या ऑफसेट पुनर्मुद्रणात ठिपके ओळीने, फुलांच्या पाकळ्यांसारखे जुळून बसतात आणि अक्षरेही ठिपक्यांत फुटलेली दिसतात, कारण ते छायाचित्राचे छायाचित्र असते. अंधाऱ्या खोलीत जंबुपार (अतिनील) दिव्याखाली धरल्यास जुना कागद निस्तेज राहतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या बहुतेक कागदांत उजळपणा आणणारी रसायने असल्याने ते निळसर पांढरे चमकतात.

मोजमापात एक अपवाद ध्यानात ठेवावा लागतो. अमेरिकन ब्यूटी या छापाचे पाकीट अरुंद होते, म्हणून तिची कार्डे इतरांपेक्षा सुमारे दीड मिलिमीटर कमी रुंद असतात. ती कापलेली आहेत असे समजून कित्येकांनी अस्सल कार्डे नाकारली आहेत. उलट, ज्याची रुंदी बरोबर तो माल निर्दोष, असेही नाही: वॅग्नरच्या सर्वांत नावाजलेल्या प्रतीच्या कडा आपणच कापल्या होत्या, अशी कबुली एका लिलावदाराने २०१३ मध्ये दिली.

टॉप्स कंपनीचे संच : टॉप्स या च्युइंगगमच्या कंपनीच्या १९५२ च्या ४०७ कार्डांच्या संचात पहिल्या ८० क्रमांकांच्या मागील बाजू काळ्या व लाल अशा दोन शाईंत मिळतात. ४८ (जो पेज) व ४९ (जॉनी सेन) या काळ्या शाईच्या कार्डांवर दोघांची चरित्रे आपसांत बदलली गेली आणि मग दुरुस्त झाली. शेवटच्या मालिकेत ३११ ते ४०७ म्हणजे ९७ कार्डे येतात. शंभर कार्डांच्या तावात उरलेल्या तीन जागी मिकी मँटल (३११), जॅकी रॉबिन्सन (३१२) व बॉबी थॉमसन (३१३) पुन्हा बसवले, असे सामान्यतः मानले जाते. प्रत्येकाच्या या दोन जागांवरील प्रती हुबेहूब सारख्या नाहीत. मँटलचे कार्ड उलटून क्रमांकाभोवतीच्या चेंडूकडे पाहावे: शिवणीची टोके एका प्रतीत उजवीकडे, दुसरीत डावीकडे वळलेली असतात. यांतली कोणती आधीची, हा प्रश्नच गैरलागू ठरतो, कारण दोन्ही एकाच तावावरच्या.

१९५८ च्या पहिल्या ११० क्रमांकांतील काही कार्डांवर नाव किंवा संघ पांढऱ्याऐवजी पिवळ्या अक्षरांत आहे. १९६९ मध्ये उलट, मँटलच्या ५०० क्रमांकाच्या कार्डावर पिवळे आडनाव नेहमीचे आणि पांढरे दुर्मिळ. १९६२ ची दुसरी मालिका, ११० ते १९६, अवघड आहे. तिच्या काही प्रतींवर हिरवट झाक असते. ती दुसऱ्या ठिकाणी केलेल्या छपाईतून आली, असे मानले जाते. आकाश व त्वचा यांत ती पटकन दिसते, पण एकटे कार्ड पाहून फसगत होते. शेजारी नेहमीची प्रत ठेवूनच निर्णय घ्यावा. १९७४ मध्ये सॅन डिएगोचा पाद्रेस संघ वॉशिंग्टनला जाणार अशी हवा होती, म्हणून त्यांची काही कार्डे ‘वॉशिंग्टन, नॅशनल लीग’ अशी छापली गेली. संघ गेलाच नाही. १९७५ चा संच दोन आकारांत निघाला. लहान आकार रचनेने तोच असल्याने छायाचित्रावरून फरक कळत नाही, पट्टी लावावी लागते.

अलीकडचे : फ्लीअर या दुसऱ्या कंपनीच्या १९८९ च्या संचातील बिली रिपकेनच्या (क्रमांक ६१६) बॅटच्या मुठीवर शिवी लिहिलेली होती. कंपनीने ती पांढऱ्या रंगाने, खरडलेल्या रेषांनी, शेवटी काळ्या चौकोनाने झाकली. चौकोनाची प्रत सर्वांत सहज मिळते. १९९० मध्ये टॉप्सच्या फ्रँक टॉमसच्या (४१४) काही प्रतींवर पुढे नावच नाही. १९८४ ते १९९१ दरम्यान टॉप्सने अधिक चांगल्या कागदावर काढलेल्या ‘टिफनी’ संचांचे चित्र नेहमीच्या कार्डासारखेच असते. पुढची चकाकी फसवी असू शकते, त्यामुळे कार्ड उलटून कागदाचा पांढरा उजळपणा पाहतात. कॅनडातील ‘ओ-पी-ची’ या कंपनीच्या कार्डांच्या मागे सहसा इंग्रजीबरोबर फ्रेंच असते.

टॉप्सच्या १९९३ च्या ‘फायनेस्ट’ संचापासून ‘रिफ्रॅक्टर’ नावाच्या समांतर प्रती, म्हणजे त्याच चित्राच्या पण वेगळ्या चकाकीच्या प्रती, आल्या. मूळ कार्डही धातूसारखे चमकते, त्यामुळे दिव्याखाली तिरके धरून इंद्रधनुष्यी पट्टा सरकतो का ते पाहावे लागे. पुढे कंपनीने मागेच ‘रिफ्रॅक्टर’ असे छापायला सुरुवात केली. टॉप्सच्या अलीकडच्या संचांत मुद्दाम थोड्या संख्येने घातलेली चित्रभिन्न कार्डे मागील बाजूच्या तळाशी, हक्कसूचनेच्या बारीक मजकुराअखेर येणाऱ्या संकेतांकाच्या शेवटच्या आकड्यांवरून ओळखतात.