गाल बसले, की ताट वाढवून भागत नाही

एचआयव्हीच्या गोळ्या घेणाऱ्याची गालफडं आत गेली, की घरातले आधी ताटाकडे बघतात. पेजेत तुपाचा चमचा वाढतो, हुमणात खोबरं जास्त पडतं. वजन वाढतं खरं, पण ते पोटावर. गाल तसेच. कारण तिथल्या चरबीच्या पेशी उपाशी नाहीत, आजारी आहेत.

स्टॅव्हुडीन आणि त्याहून कमी प्रमाणात झिडोव्हुडीन ही एचआयव्हीवरची जुनी औषधं. विषाणूची वाढ अडवताना ती पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचा डीएनए तयार करणारं विकरही (एन्झाइम) अडवतात. ऊर्जेविना चरबीची पेशी झिजते, मरते. भारतात २००४ साली मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरचा औषधोपचार, सुरू झाली तेव्हा स्टॅव्हुडीन सर्रास दिलं जाई. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते टप्प्याटप्प्याने बंद करायला सांगितलं. तेव्हाचे खड्डे मात्र काहींच्या गालांवर अजून आहेत.

या झिजेत स्नायू टिकतात, त्वचेखालची चरबी जाते. हातापायांच्या शिरा दोरीसारख्या दिसतात, घरापुढच्या सोप्यावर बसलं की हाडं टोचतात. सोबत ताप, जुलाब, खोकला असेल तर मामला वेगळा. आधी क्षयाची तपासणी.

खरा उपाय औषध बदलण्याचा, तोही डॉक्टरांनीच. झिडोव्हुडीनच्या जागी बहुधा टेनोफोविर येतं. त्याआधी व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण), क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते कळायला) आणि हिपॅटायटिस बी बघतात. स्वतःहून गोळ्या थांबवल्या तर गाल भरत नाहीत, विषाणू मात्र उसळतो. बदलानंतरही धीर हवा. दोन वर्षांत हातापायांना मिळून किलो-सव्वा किलो चरबी परतली तरी पुष्कळ. आरशात ती जाणवेलच असं नाही.

चेहऱ्यासाठी त्वचातज्ज्ञ पॉलिलॅक्टिक आम्लाची इंजेक्शनं देतात. काही आठवड्यांच्या अंतराने तीन ते सहा बैठका. टोचल्यावर गाल लगेच भरलेले दिसतात, ते द्रावणातलं पाणी. दोनचार दिवसांत उतरतं आणि माणूस हिरमुसतो. खरी भर पुढच्या महिन्यांत कोलॅजन (त्वचेला भरीव ठेवणारं प्रथिन) तयार झाल्यावर पडते, साधारण दोन वर्षं टिकते. नेहमीचा सल्ला असा: पाच दिवस, दिवसातून पाच वेळा, पाच मिनिटं मालीश. औषध दाट कालवलं किंवा फार वरवर टोचलं तर गाठी होतात. स्वस्तात मिळणाऱ्या सिलिकॉन तेलाच्या वाटेला जाऊ नये. ते आयुष्यभर राहतं, वर्षांनी गाठी करतं आणि काढणं महाकठीण.

वजनं उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून दोनतीनदा केला तर दंड भरतात, स्नायूंनी. गालांना त्याचा उपयोग नाही.

झीज डोळ्यांना दिसेपर्यंत हातापायांतली सुमारे तीस टक्के चरबी गेलेली असते. म्हणून शिंप्याची टेप बरी. हात सैल सोडून, खांद्याचं हाड आणि कोपर यांच्या बरोबर मधोमध दंडाचा घेर, आणि बेंबीवर कमरेचा. दर तीन महिन्यांनी, त्याच जागी. दंड उतरतोय आणि कंबर वाढतेय असं दिसलं, की ते आकडे घेऊन गोव्यात बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा आपल्या एआरटी सेंटरवर पुढच्या तारखेची वाट न बघता जावं.