एक्सलवरचा भार दुप्पट, रस्त्याची झीज सोळापट

रस्ता उखडला की "गाड्याच किती वाढल्यात" असं आपण सहज म्हणून जातो. खरं तर नीट बांधलेल्या डांबरी रस्त्याला दुचाकी आणि मोटारींचा भार जाणवतही नाही. रस्ता मोडतात ते जड ट्रक.

हे मोजलं गेलं अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, ओटावा गावाजवळ. 1958 ते 1960 या काळात तिथे फक्त चाचणीसाठी बांधलेल्या रस्त्यांवर लष्कराच्या जवानांनी ट्रक फिरवले. प्रत्येक लेनला ठरावीक वजन होतं आणि शेवटपर्यंत तगलेल्या तुकड्यांवरून सुमारे 11 लाख वेळा एक्सल, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं जोडणारे आडवे दांडे, गेले. त्यातून कळलं की नुकसान साधारण भाराच्या चौथ्या घाताने वाढतं. मोटारीच्या एका एक्सलवर अर्धा टन आणि ट्रकच्या 8 टन धरा. भार सोळापट, झीज मात्र 65 हजार पटींहून जास्त!

चौथा घातच का? चाक वरून गेलं की डांबरी थर किंचित वाकतो आणि त्याचा तळ ताणला जातो. वाकवून वाकवून तार तुटते, तशी तळाशी बारीक चीर पडते आणि हळूहळू वर सरकते. प्रयोगशाळेत या थराच्याच डांबर-खडीच्या मिश्रणाची पट्टी सेकंदाला दहा वेळा वाकवतात. तिचा ताठपणा निम्म्यावर आला की ती निकामी धरतात. आपल्याकडच्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या (आयआरसी) डांबरी रस्त्यांसाठीच्या आयआरसी 37 या मार्गदर्शिकेतलं सूत्र सांगतं की थराचं आयुष्य तळाच्या विकृतीच्या, म्हणजे ताणल्यामुळे लांबीत पडणाऱ्या सापेक्ष फरकाच्या, 3.89 व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतं. विकृती दुप्पट झाली तर आयुष्य जवळपास पंधरा पटींनी घटतं. ओटावात ट्रक फिरवून मिळालेला आकडा आणि पट्टी वाकवून मिळालेला आकडा इतके जवळ यावेत, हे मला फार सुंदर वाटतं.

आता केंद्र सरकारचा 2018 चा निर्णय पाहा. चार टायरच्या एक्सलवरची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली गेली. वाढ जेमतेम 13 टक्के, पण चौथ्या घाताने एका फेरीची झीज 60 टक्क्यांहून जास्त वाढते. ओव्हरलोडचा हिशेब यापुढचा.

चाकोऱ्या पडण्याचं कारण वेगळं. उन्हात डांबर मऊ होतं आणि ट्रक जितका सावकाश जाईल तितका वेळ ते दाबाखाली राहतं, म्हणून सिग्नलपाशी आणि घाटाच्या चढावर रस्ता आधी दबतो. हॅम्बुर्ग चाचणीत 50 अंशांच्या आसपासच्या पाण्यात बुडवलेल्या नमुन्यावरून पोलादी चाक 20 हजार वेळा फिरवून चाकोरीची खोली मोजतात. अमुक रसायन मिसळलं की खड्डे कायमचे गेले, अशा जाहिराती करणाऱ्यांनी आधी ही खोली किती मिलिमीटर भरली ते दाखवावं.

आणि पाणी? ओटावातही बरंचसं नुकसान वसंतात, बर्फ वितळून खालची माती भिजलेली असतानाच झालं. आपल्याकडे माती अशी भिजते ती पावसाळ्यात. ट्रक वजनकाट्यावर घ्यायला सर्वांत जास्त हवेत ते याच चार महिन्यांत.