डोळ्यातल्या अकॅन्थामिबाची पीसीआर तपासणी : नमुना देण्याआधी वाचा

उसाची पात लागली, तालमीतली माती उडाली किंवा विहिरीत पोहून आल्यावर डोळा लाल झाला, तर तो बहुधा चार दिवसांत निवळतो. पण लालीच्या मानाने ठणका फारच जास्त असेल, उजेड सोसत नसेल आणि अँटिबायोटिकचे थेंब घालूनही उतार पडत नसेल, तर अकॅन्थामिबाची शंका घ्यायलाच हवी. हा एकपेशीय जीव माती, विहीर, तळे, अगदी नळाच्या पाण्यातही असतो. परदेशात तो मुख्यतः कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांत आढळतो. आपल्याकडे मात्र लेन्स कधीच न लावलेल्या, डोळ्यात माती किंवा गढूळ पाणी गेलेल्या रुग्णांत जास्त. सुरुवातीला हा आजार हर्पिस विषाणूच्या डोळ्यातल्या संसर्गासारखा दिसतो. अशा वेळी स्टेरॉइडचे थेंब पडले तर लाली उतरते, पण अमिबा आत शिरतो.

कल्चरमध्ये, म्हणजे जीव वाढवून पाहण्याच्या तपासणीत, आगरच्या जेलीवर ई. कोलाय जिवाणू पसरून अमिबा ते खात पुढे सरकतो का, हे पाहतात. ते कळायला काही दिवस लागतात, ‘नाही’ म्हणायला आठवडा किंवा जास्त. पीसीआर म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून जीव ओळखणे. त्यात आम्ही प्रयोगशाळेत अमिबाचे १८एस जनुक शोधतो. सकाळी नमुना आला तर संध्याकाळी निकाल.

हा वेग खरवडीवर, म्हणजे कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराच्या) व्रणावरून खरवडून घेतलेल्या नमुन्यावर, अवलंबून आहे. नेत्रतज्ज्ञांना विनंती : फ्लुरेसिन घालण्याआधी खरवड घ्या, कारण तो रंग यंत्राच्या प्रकाशमापनात मिसळतो. मलम व थेंबांचे अंश आधी सलाइनने धुवा. क्लोरहेक्सिडिन, पीएचएमबी या अमिबावरच्या औषधांचे अंश पीसीआरची अभिक्रिया रोखू शकतात. व्रणाची कड आणि तळ, दोन्हीकडून खरवडा. खरवड १.५ मिलीच्या निर्जंतुक नळीत, ०.२ मिली सलाइनमध्ये टाका. फॉर्मलिन नको, डीएनए तुटतो. लाकडी काडीचा किंवा अल्जिनेटचा स्वॅबही नको.

सर्वात जास्त चूक सिस्टमुळे, म्हणजे अमिबाच्या सुप्त, कवचबंद रूपामुळे होते. सिस्टला दुहेरी कवच असते. ते फुटले नाही तर आतला डीएनए बाहेरच येत नाही. म्हणून आम्ही नमुना बारीक मण्यांसोबत घुसळतो आणि प्रोटिनेज-के हे प्रथिने तोडणारे विकर घालून ५६ अंशांवर ठेवतो. प्रत्येक नळीत अंतर्गत कंट्रोल असतो, म्हणजे अभिक्रिया नीट झाली का हे दाखवणारा ओळखीचा डीएनए. तोही उमटला नाही, तर तो निकाल निगेटिव्ह नसतो. अर्क दहापट पातळ करून तपासणी पुन्हा करावी लागते. कंट्रोल नीट उमटूनही निगेटिव्ह आले आणि लक्षणे तीच राहिली, तर अमिबा खोल थरात असू शकतो. मग दुसरी, खोल खरवड किंवा बायॉप्सी. उलट, उपचारानंतर मेलेल्या सिस्टचा डीएनएही काही काळ पॉझिटिव्ह दाखवतो. त्यावरून औषध चालू-बंद ठरवू नये.

पावसाळ्यात वाढणाऱ्या मायक्रोस्पोरिडिया या सूक्ष्म परजीवींसाठी प्रायमर (नेमका डीएनए शोधणारे छोटे तुकडे) वेगळे लागतात, फॉर्मवर तसे लिहा. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी डोळ्याच्या आत, मागच्या पडद्यावर (रेटिनावर) असतो. तिथे खरवड कामाची नाही. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यातले ०.१ ते ०.२ मिली पाणी लागते.

रुग्णांनी चालू असलेल्या थेंबांच्या सगळ्या बाटल्या सोबत आणाव्यात, पण औषध स्वतःहून थांबवू नये. लेन्स असेल तर तिची डबी न धुता, आतल्या द्रावणासकट आणा.

गगनबावडा किंवा चंदगडकडून नमुना पाठवताना पीसीआरची नळी २ ते ८ अंशांवर, बर्फाच्या डब्यात ठेवा. कल्चरची नळी वेगळी, आणि तिला बर्फ लावू नका.