राणी व्हिक्टोरियाच्या काळातली व्यंगचित्रे: पान निवडण्याआधी हे वाचा

आमच्या दुकानात जुन्या इंग्रजी साप्ताहिकांची सुटी पाने मिळतात आणि ती चौकटीत बसवूनही दिली जातात. राणी व्हिक्टोरियावरची चित्रे पाहिली की बरेच ग्राहक विचारतात: साक्षात राणीची टिंगल लोकांनी चालवून कशी घेतली? त्यासाठी राणीच्या चेहऱ्याआधी तिच्या शेजारी कोण उभे आहे ते पाहावे लागते.

तिच्या आधीच्या राजांना चित्रकारांनी मुळीच सोडले नव्हते. जेम्स गिलरेने १७९२ मध्ये युवराजाला, म्हणजे पुढच्या चौथ्या जॉर्जला, पोट सुटलेला आणि काट्याने दात कोरत बसलेला असा रंगवला. राजाला अनैतिक प्रसंगात दाखवणार नाही, एवढे कबूल करण्यासाठी १८२० मध्ये जॉर्ज क्रुकशँकच्या हातावर १०० पौंड ठेवण्यात आले. १८३७ मध्ये अठरा वर्षांची व्हिक्टोरिया गादीवर आली आणि १८४१ मध्ये लंडनमध्ये ‘पंच’ निघाले. हे साप्ताहिक मध्यमवर्गीय कुटुंबांत वाचले जाई, त्यामुळे त्यातला विनोद बैठकीच्या खोलीत शोभेल असाच राहिला. राणी बेढब किंवा ओंगळ दिसेल असे चित्र त्यात क्वचितच सापडेल.

तरीही राग होता, आणि तो कशाचा होता हे चित्रांतून नेमके कळते. १४ डिसेंबर १८६१ रोजी राणीचे पती अल्बर्ट वारले. त्यानंतर ती लोकांसमोर येईनाशी झाली, संसदेचे उद्घाटनही तिने कित्येक वर्षे स्वतः केले नाही. सप्टेंबर १८६५ मध्ये जॉन टेनिएलने ‘पंच’मध्ये तिला शेक्सपिअरच्या नाटकातली हर्मायनी केले: नाटकात पुतळा म्हणून उभी असलेली राणी. समोर ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीरूपात दाखवलेला ब्रिटन देश, तिला विनवते आहे की वेळ झाली, खाली उतर, आता दगड राहू नकोस. आमच्या मते या काळातले हे सर्वांत बोलके पान आहे. यात तक्रार आहे, पण ती आपल्या माणसाकडे केलेली.

‘टॉमहॉक’ हे साप्ताहिक अधिक धीट. १८६७ मध्ये त्यात मॅट मॉर्गनने रिकामे सिंहासन काढले. दुसऱ्या एका चित्रात त्याच सिंहासनाला टेकून राणीचा स्कॉटिश सेवक जॉन ब्राउन उभा आहे आणि त्याच्यासमोर ब्रिटनचा सिंह. राणी मात्र चित्रात कुठेच नाही, आणि लोकांना खटकत होते ते नेमके हेच.

१८७० मध्ये फ्रान्समध्ये प्रजासत्ताक आले तसे इंग्लंडमध्येही प्रजासत्ताकवादी क्लब वाढले. १८७१ मध्ये चार्ल्स डिल्क या खासदाराने न्यूकॅसलच्या भाषणात राजघराण्याच्या खर्चावर उघड टीका केली. पण त्याच वर्षाअखेर युवराज विषमज्वराने मरणाच्या दारात गेला, त्यातून उठला, आणि २७ फेब्रुवारी १८७२ च्या आभारप्रार्थनेसाठी राणी लंडनच्या रस्त्यांवरून गेली तेव्हा लोकांनी तिचा जयजयकार केला. ती लोकांना दिसली आणि विरोधाचा जोर ओसरला. सिंहासनच नको म्हणणारे थोडे होते. त्यावर बसणारीने काम करावे म्हणणारे कितीतरी जास्त.

भारताशी थेट संबंध असलेले पान हवे असेल तर एप्रिल १८७६ चे टेनिएलचे चित्र मागा. पंतप्रधान डिझरायली अल्लादीनच्या गोष्टीतल्या फेरीवाल्यासारखा जुन्या मुकुटाच्या बदल्यात राणीला हिंदुस्थानचा नवा मुकुट देऊ करतो आहे. लबाड दिसतो तो डिझरायली. पुढे १ जानेवारी १८७७ ला दिल्ली दरबारात तिला कैसर-ए-हिंद जाहीर केले गेले. १८९७ च्या हीरक महोत्सवाची पाने आदराने ओथंबलेली आहेत, पण पुण्याच्या ग्राहकाने ती पाहताना त्याच महोत्सवाच्या रात्री, २२ जूनला, चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या होत्या हेही ध्यानात ठेवावे. लंडनच्या कागदावर ही बाजू उमटत नाही.

आता खरेदीचे. त्या काळी ‘पंच’ची व्यंगचित्रे काळ्या शाईतच छापत, म्हणून रंगीत पान दिसले तर रंग नंतर हाताने भरलेला असतो. असे पान आम्ही तसे सांगूनच विकतो. चित्र लाकडी ठोकळ्यावर कोरलेले असे आणि मोठा ठोकळा अनेक तुकडे जोडून बनवत, त्यामुळे काही पानांवर जोडाची बारीक पांढरी रेघ दिसते. तो दोष समजू नये. भिंगाखाली रेघा सलग दिसल्या पाहिजेत. ठिपक्यांची जाळी दिसली तर ती नंतरची नक्कल आहे. हे तपासायला भिंग काउंटरवर ठेवलेले आहे, जरूर मागून घ्या.

चौकटीसाठी आम्ही आम्लमुक्त पुठ्ठाच वापरतो आणि पान डिंकाने चिकटवत नाही. घरी चित्र थेट उन्हात लावू नका. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर तर नकोच. चौकटीमागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून मिळतील, म्हणजे मागून हवा खेळती राहील.