घर-नूतनीकरणाची ऑनलाइन बाजारपेठ

घराची मोठी दुरुस्ती किंवा फेररचना करून घेऊ पाहणारा घरमालक आणि असे काम घेणारा कंत्राटदार यांची गाठ घालून देणारे संकेतस्थळ अथवा ॲप. बाजारपेठ स्वतः बांधकाम करत नाही. ती चौकशी गोळा करते, कंत्राटदारांची छाननी करते आणि दोघांची भेट घडवते. काही ठिकाणी करारनामा आणि पैशांची देवघेवही तिच्यामार्फत होते. वस्तूंच्या बाजारात माल तयार असतो आणि त्याची किंमत लिहिलेली असते. इथे मात्र विकायचे काम अजून व्हायचे असते, आणि बहुतेक वेळा नेमके काय करायचे हे कुणी कागदावर उतरवलेलेही नसते. या व्यवहारातली बहुतेक भांडणे तिथूनच सुरू होतात.

इतिहास : १९९५ साली अमेरिकेतील कोलंबस शहरात ‘अँजीज लिस्ट’ सुरू झाली. वर्गणी भरणाऱ्या सभासदांनी आपापल्या कारागिरांबद्दलचे अनुभव कळवायचे आणि इतरांनी ते वाचायचे, अशी ती सोय होती. १९९८ साली निघालेल्या ‘सर्व्हिसमॅजिक’ने दुसरी वाट धरली. घरमालकाची चौकशी फुकट घ्यायची आणि ती कंत्राटदारांना विकायची, हा तिचा धंदा होता. २०१२ साली तिचे नाव ‘होमॲडव्हायझर’ झाले. २०१७ साली या दोन्ही कंपन्या एका छत्राखाली आल्या. ब्रिटनमध्ये ‘चेकाट्रेड’, जर्मनीत ‘मायहॅमर’, ऑस्ट्रेलियात ‘हायपेजेस’ ही त्याच जातकुळीतली नावे. २००९ सालच्या ‘हाउज’ने सजावटीच्या छायाचित्रांपासून सुरुवात केली आणि तिथून ती कंत्राटदारांपर्यंत पोहोचली. २०११ साली न्यूयॉर्कमध्ये निघालेल्या ‘स्वीटन’ने किरकोळ दुरुस्त्या बाजूला ठेवून मोठ्या नूतनीकरणावर भर दिला.

कमाईच्या पद्धती : बाजारपेठ कशी वागेल हे तिला पैसे कुठून मिळतात यावर ठरते. सर्वांत रुळलेली पद्धत म्हणजे ‘लीड’, म्हणजे घरमालकाची चौकशी, विकणे. एकच चौकशी चार कंत्राटदारांना विकली, तर काम फार तर एकाला मिळते. म्हणजे सरासरी एक काम पदरात पडायला कंत्राटदाराला किमान चार चौकशांचे शुल्क मोजावे लागते. काही घरमालक नुसता अंदाज काढायला आलेले असतात, काही फोनच उचलत नाहीत. त्यामुळे खरा आकडा चारावर थांबत नाही. हा सगळा खर्च शेवटी कामाच्या दरात चढतो, तेव्हा घरमालकासाठी सेवा ‘मोफत’ आहे हे अर्धेच खरे. चौकशी पाठवताच पाच मिनिटांत तीन-चार फोन खणखणतात त्याचेही कारण हेच : आधी पोहोचणाऱ्याची बाजू वरचढ असते. विकलेल्या चौकशांचा दर्जा आणि त्यातून काम मिळण्याची शक्यता फुगवून सांगितल्याच्या आरोपावरून फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकेच्या ग्राहकसंरक्षण यंत्रणेने २०२२ साली होमॲडव्हायझरवर कारवाई केली. २०२३ साली कमाल ७२ लाख डॉलरवर तडजोड झाली.

दुसरी पद्धत कमिशनची : करार झाला तरच कंत्राटदाराने ठरलेला टक्का द्यायचा. यात बाजारपेठेला फुटकळ चौकशा नको असतात, म्हणून छाननी कडक होते. पण भेट झाल्यावर दोघांनी बाहेरच व्यवहार उरकला तर कमिशन बुडते. घरमालकाला यात थोडी सूट मिळते आणि तक्रार निवारण व पैशांचे संरक्षण मात्र हातचे जाते. तिसरी पद्धत म्हणजे कंत्राटदारांकडून मासिक वर्गणी घेणे. उलट्या लिलावाचाही प्रयोग झाला, म्हणजे जो कमी दर लावेल त्याला काम. रंगकामासारख्या मोजून सांगता येणाऱ्या कामाला तो एक वेळ चालतो. भिंती आणि नळ उघडावे लागणाऱ्या कामाला तो घातक ठरतो, कारण कमी लावलेला दर पुढे ‘जादा कामा’च्या बिलांतून भरून काढला जातो.

चौकशी आणि भेट : अर्जात खोली, मोजमाप, छायाचित्रे, सुरुवातीची तारीख आणि खर्चाची मर्यादा विचारतात. घर कोणत्या साली बांधले, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण तो महत्त्वाचा आहे. अमेरिकेत १९७८ पूर्वीच्या घरात शिशाचा रंग असू शकतो, आणि तो खरवडणाऱ्या कंत्राटदाराकडे वेगळे प्रमाणपत्र असावे लागते. छायाचित्रे पाहून दिलेला आकडा निव्वळ अंदाज असतो. जागेवर येऊन टेप न लावता कुणी पक्का दर देत असेल, तर तो स्वीकारू नये. तीन दरपत्रके पुरेशी असतात. त्याहून जास्त मागवली की तुलना सुटते.

दरपत्रकांची तुलना : एका न्हाणीघराचे उदाहरण घेऊ. जमीन २.४ × १.८ मीटर, टाइल २.१ मीटर उंचीपर्यंत, दार ०.७५ मीटर रुंद. जमीन ४.३ चौरस मीटर, दार वजा करून भिंती १६.१, मिळून २०.४. तुटफूट आणि कापणीसाठी १० टक्के धरले की २२.४ चौरस मीटर टाइल लागते. आता एका कंत्राटदाराने टाइलसह दर लावला, दुसऱ्याने फक्त मजुरीचा, तिसऱ्याने जुनी लादी फोडणे आणि राडारोडा वाहून नेणे वगळले, तर तळाचे तीन आकडे शेजारी मांडून काहीच कळत नाही.

वॉटरप्रूफिंगमध्ये फसगत आणखी बारीक असते. नुसत्या जमिनीपुरता थर ४.३ चौरस मीटर भरतो. तोच भिंतींवर ०.३ मीटर चढवला की ६.६ होतो, आणि शॉवरच्या बाजूला तो किमान १.८ मीटर उंच न्यायला हवा. नुसती जमीन धरणारा आणि भिंतीवर थर चढवणारा, दोघेही दरपत्रकात ‘वॉटरप्रूफिंग’ एवढाच शब्द लिहितात. गळती मात्र बहुधा जमीन आणि भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यातून होते. म्हणून थराची उंची, लेपांची संख्या, निचऱ्याकडे मीटरला १० ते २० मिलिमीटर उतार आणि टाइल बसवण्याआधी २४ तास पाणी साठवून घ्यायची चाचणी, या चार गोष्टी कामाच्या वर्णनात शब्दांनी लिहून घ्याव्यात. हे वर्णन घरमालकाने किंवा बाजारपेठेने एकदाच तयार करून तिघांनाही तेच दिले, तर दरातली तफावत खरी तफावत असते. चांगल्या आणि सुमार बाजारपेठेतला फरक ओळखायला एवढी एकच कसोटी पुरते.

पैसे : आगाऊ रक्कम शक्य तितकी थोडी ठेवावी. कॅलिफोर्नियात कायद्यानेच ती कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यांतली कमी असेल तेवढ्यावर बांधली आहे. पुढचे हप्ते तारखांना न बांधता टप्प्यांना बांधावेत : तोडफोड, नळ आणि वीजवाहिन्या, पाण्याची चाचणी, टाइल, अंतिम ताबा. एस्क्रोची सोय असलेल्या बाजारपेठेत रक्कम तिच्याकडे जमा राहते आणि घरमालकाने टप्पा मंजूर केल्यावर सुटते. शेवटचे ५ ते १० टक्के किरकोळ त्रुटींची यादी निकालात निघेपर्यंत रोखून धरण्याची रीत आहे. जादा काम निघाले तर त्याचे वर्णन, दर आणि वाढलेले दिवस लिहून, दोघांच्या सह्या झाल्यावरच हात लावायचा. भिंत उघडल्यावर कुजलेले लाकूड किंवा गंजलेला नळ निघणे नेहमीचेच आहे, म्हणून घरमालकाने १० ते २० टक्के रक्कम राखीव धरावी. अमेरिकेतील अनेक राज्यांत आणखी एक खाच आहे. मुख्य कंत्राटदाराने उपकंत्राटदाराचे पैसे थकवले, तर तो उपकंत्राटदार घरावरच हक्क नोंदवू शकतो, घरमालकाने मुख्य कंत्राटदाराला पूर्ण पैसे दिलेले असले तरीही. प्रत्येक हप्त्यासोबत उपकंत्राटदाराची हक्क सोडल्याची लेखी पावती घेणे हाच त्यावर उपाय.

छाननी आणि अभिप्राय : ‘पडताळणी झालेला’ ही खूण कशाची, ते वाचून पाहावे. पडताळणी नोंदणीच्या दिवशी झालेली असते. परवाना किंवा विमा त्यानंतर संपलेला असू शकतो. परवान्याचा क्रमांक सरकारी नोंदीत स्वतः तपासावा आणि विम्याचे प्रमाणपत्र थेट विमा कंपनीकडून मागवावे. नोंदणी मालकाच्या नावाची आणि जागेवर दुसरीच टोळी, असेही सर्रास होते. जागेवर कोण हजर राहणार हे करारात घालून घ्यावे.

ताऱ्यांची सरासरी फारसे सांगत नाही, कारण जवळपास सगळेच साडेचारच्या वर असतात. एक-दोन ताऱ्यांचे अभिप्राय आणि त्यांना कंत्राटदाराने दिलेली उत्तरे वाचली की माणूस कळतो. शिवाय अभिप्राय बहुधा ताबा मिळाल्याच्या आठवड्यात मागितला जातो. तेव्हा टाइलांच्या फटींत भरलेले ग्राउट पांढरेशुभ्र असते, दारे नीट बसतात. वॉटरप्रूफिंगचा दोष खालच्या मजल्याच्या छतावर उमटायला कित्येक महिने लागतात. म्हणून वर्षभराने पुन्हा विचारून नोंदवलेला अभिप्राय जिथे मिळतो, तिथे तोच आधी वाचावा. मिळत नसेल तर कंत्राटदाराकडून दोन वर्षांपूर्वीच्या एखाद्या कामाचा पत्ता मागून त्या घरमालकाशी बोलावे.