संरक्षण कंपन्यांचे संघीय लॉबिंग (अमेरिका)

लढाऊ विमाने, इंजिने, क्षेपणास्त्रे किंवा उपग्रह बनवणारी कंपनी अमेरिकेच्या केंद्र सरकारचा निर्णय आपल्या बाजूने वळावा म्हणून पगारी माणसांकरवी जो पाठपुरावा करते, त्याला संघीय लॉबिंग म्हणतात. तो संसद सदस्य, त्यांचे कर्मचारी आणि संरक्षण खात्याचे वरिष्ठ अधिकारी यांच्याकडे होतो. सरकारपुढे गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीने दिलेला असल्यामुळे हा व्यवहार कायदेशीर आहे. मात्र त्याची नोंद करावी लागते. मराठीत ‘लॉबिंग’ आणि ‘दलाली’ हे शब्द एकाच दमात वापरले जातात, तो घोळ आहे. दलालाचे लक्ष एका सौद्यावरच्या टक्क्यावर असते, लॉबिस्टचे अर्थसंकल्पातल्या लेखाशीर्षावर (एका कामासाठी खर्चाची स्वतंत्र नोंद).

काम कसे चालते

या धंद्यात मुख्य गिऱ्हाईक एकच, सरकार. त्यामुळे संरक्षण खात्याच्या मागणीत आपल्या लेखाशीर्षापुढे किती रक्कम आहे आणि संसद ती वाढवते की कापते, यावर कारखान्याची पाळी चालू राहते की बंद पडते हे ठरते. कायद्यानुसार राष्ट्राध्यक्षांचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी यायचा असतो (पुष्कळदा उशीर होतो) आणि आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होते. या मधल्या काळात दोन वेगळी विधेयके पुढे सरकतात. एक सैन्यदल समित्यांकडचे, कार्यक्रमाला परवानगी देणारे; दुसरे विनियोजन समित्यांकडचे, प्रत्यक्ष पैसा देणारे. नवख्यांची ठेच इथेच लागते. परवानगीच्या विधेयकात आकडा मिळाला म्हणून पाठपुरावा थांबवला, तर विनियोजनात तीच रक्कम शून्य होऊ शकते. परवानगी हातात, तिजोरी बंद.

अर्थसंकल्प आल्यावर सदस्यांची कार्यालये विनंत्या मागवतात. विनंतीत लेखाशीर्षाचा नेमका क्रमांक, मूळ मागणीतली रक्कम, हवी असलेली रक्कम, फरकाचे कारण आणि त्या मतदारसंघातले पुरवठादार लिहावे लागतात. क्रमांक चुकला किंवा कार्यालयाची मुदत टळली, तर पुढची भेट कितीही वरच्या पातळीवर झाली तरी फारसा उपयोग होत नाही. मसुद्याचा तक्ता समितीचे कर्मचारी त्याआधीच भरत आलेले असतात. रक्कम वाढत नसेल तेव्हा समितीच्या अहवालात दोन ओळी घालून घेण्याचा प्रयत्न होतो. अहवाल हा कायदा नसला तरी खाते त्याची दखल घेते, कारण पुढच्या वर्षी त्याच समितीपुढे जायचे असते.

१ ऑक्टोबरपर्यंत विनियोजन मंजूर झाले नाही तर आपल्याकडच्या लेखानुदानासारखा तात्पुरता ठराव होतो. त्यात साधारणपणे नवा कार्यक्रम सुरू करता येत नाही आणि उत्पादनाचा वेगही वाढवता येत नाही. चालू कंत्राट असलेल्या कंपनीला हे काही काळ सोसते, नव्या कंपनीला मात्र फार जड जाते.

एक लढत: एफ-३५चे दुसरे इंजिन

एफ-३५ विमानासाठी प्रॅट अँड व्हिटनीचे एफ१३५ इंजिन निवडले होते. जनरल इलेक्ट्रिक आणि रोल्स-रॉइस यांचे एफ१३६ हा पर्याय म्हणून विकसित होत होते. २००७च्या अर्थसंकल्पापासून खात्याने दुसऱ्या इंजिनाला नकार दिला. संसद मात्र वर्षानुवर्षे पैसे घालत राहिली. एका बाजूचा युक्तिवाद होता की स्पर्धेने किंमत उतरेल आणि एकाच इंजिनात दोष निघाला तर सगळी विमाने जमिनीवर बसणार नाहीत. दुसरी बाजू म्हणे, दोन इंजिनांचा विकासखर्च आणि सुट्या भागांचे दोन साठे परवडणारे नाहीत. दोन्ही मुद्दे तांत्रिकदृष्ट्या सच्चे होते. म्हणूनच मते पक्षांपेक्षा कारखान्यांच्या नकाशावर बरीच फुटली: एकीकडे जनरल इलेक्ट्रिकचे ओहायो, दुसरीकडे प्रॅट अँड व्हिटनीचे कनेक्टिकट आणि फ्लोरिडा. १६ फेब्रुवारी २०११ रोजी प्रतिनिधिगृहाने २३३ विरुद्ध १९८ मतांनी ४५ कोटी डॉलरची तरतूद काढली. एप्रिलमध्ये खात्याने कंत्राट संपवले आणि त्याच डिसेंबरात दोन्ही कंपन्यांनी स्वतःच्या खर्चाने चालवलेले कामही थांबवले.

पुरवठादारांचा नकाशा नेहमी जिंकतोच असे नाही. एफ-२२ या लढाऊ विमानाचे भाग कितीतरी राज्यांत बनत होते, तरी जुलै २००९ मध्ये सिनेटने ५८ विरुद्ध ४० मतांनी आणखी सात विमानांचे १७५ कोटी डॉलर काढून टाकले. राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकाराची दिलेली धमकी तिथे निर्णायक ठरली.

नोंदणी आणि आकडे वाचताना होणाऱ्या चुका

१९९५चा लॉबिंग प्रकटीकरण कायदा आणि २००७ची दुरुस्ती हा नियमांचा पाया. तीन महिन्यांत एका ग्राहकासाठीच्या कामाचा किमान २० टक्के वेळ लॉबिंगमध्ये जात असेल आणि एकाहून अधिक संपर्क झाले असतील, तर तो माणूस लॉबिस्ट ठरतो. नोंदणी ४५ दिवसांत करायची. त्रैमासिक अहवाल २० एप्रिल, २० जुलै, २० ऑक्टोबर आणि २० जानेवारीपर्यंत द्यायचे. राजकीय देणग्यांचा अहवाल वर्षातून दोनदा. जाणूनबुजून नियम मोडल्यास दोन लाख डॉलरपर्यंत दिवाणी दंड होतो.

अहवालात खर्चाची एकच एकूण रक्कम असते, दहा हजारांच्या पटीत. ती विषयवार विभागलेली नसते. भारतात डिसेंबर २०१२ मध्ये वॉलमार्टच्या अशाच अहवालांवरून संसदेत गदारोळ झाला. त्यातली रक्कम सर्व विषयांची मिळून होती, एकट्या भारतावर किती खर्च झाला हे त्यावरून काढता येतच नव्हते. दुसरी चूक बेरजेची. कंपनीच्या आकड्यात बाहेरच्या लॉबिंग फर्मना दिलेले शुल्क आधीच धरलेले असते. फर्मचे उत्पन्न त्यात पुन्हा मिळवले की तोच पैसा दोनदा मोजला जातो. तिसरी, तुलनेची. काही कंपन्या प्रकटीकरण कायद्याच्या व्याख्येने खर्च मोजतात, काही करकायद्याच्या, आणि करकायद्याच्या व्याख्येत राज्य पातळीवरचे लॉबिंगही येते. कोणती पद्धत वापरली ते न पाहता दोन कंपन्या शेजारी मांडणे चूक आहे.

पैसा आणि माणसे

लॉबिंगचा खर्च संरक्षण कंत्राटाच्या खर्चात दाखवून सरकारकडून वसूल करता येत नाही. सरकारी कंत्राटदार कंपनी केंद्रीय निवडणुकीतल्या उमेदवाराला थेट देणगीही देऊ शकत नाही. कर्मचाऱ्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून चालणारी राजकीय समिती मात्र एका उमेदवाराला प्रत्येक निवडणुकीत पाच हजार डॉलरपर्यंत देऊ शकते.

सर्वांत नाजूक जागा नोकरीच्या आमिषाची. हवाई दलाच्या खरेदी अधिकारी डार्लीन ड्रूयन इंधनवाहू विमानांच्या व्यवहारात बोइंगशी वाटाघाटी करत असतानाच त्या कंपनीत नोकरीचे बोलणे करत होत्या. २००४ मध्ये त्यांना नऊ महिन्यांची कैद झाली. कंपनीचे वित्तप्रमुख मायकेल सीअर्स यांनाही पुढे चार महिन्यांची. २०१८च्या संरक्षण कायद्याने निवृत्त तीन व चार तारांकित अधिकाऱ्यांना संरक्षण खात्याच्या बाबतीत लॉबिंग करण्यास दोन वर्षे, तर एक व दोन तारांकितांना एक वर्ष बंदी घातली. ही बंदी कार्यकारी शाखेपुरती आहे. संसदेकडे जाऊन बाजू मांडण्याला तिची आडकाठी नाही.