बाळाच्या ‘बा-बा’ला उत्तर द्यायला डोकं मोकळं लागतं

दर काही महिन्यांनी ते फॉरवर्ड परत येतंच. गरीब घरातलं मूल चार वर्षांचं होईपर्यंत सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा ३ कोटी शब्द कमी ऐकतं, म्हणून ते शाळेत मागे पडतं, तर आईबाबांनो, मुलांशी बोला! खाली हात जोडलेली इमोजी. वाचणाऱ्याला वाटतं किती सोपंय, फुकटातला उपाय, आणि हे लोक तेवढंही करत नाहीत.

तर हा आकडा आला कुठून ते आधी बघू. बेटी हार्ट आणि टॉड रिस्ली या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत कॅन्सस सिटीमध्ये ४२ कुटुंबांच्या घरी जाऊन महिन्यातून एक तास असं साधारण अडीच वर्षं रेकॉर्डिंग केलं आणि १९९५ साली त्याचं पुस्तक आलं. या ४२ मध्ये सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबं किती? फक्त ६. त्या सहा घरांतल्या तासाभराच्या शब्दांना दिवसांनी आणि वर्षांनी गुणत गेलं की ३ कोटींची दरी तयार. बरं, कोणीतरी अनोळखी माणूस घरात रेकॉर्डर घेऊन बसलाय आणि आपल्याला जोखतोय असं वाटत असताना कोण मोकळं बोलणार आहे, आणि हे दडपण ज्याला रोज सरकारी कागदपत्रांसाठी कोणाकोणासमोर उभं राहावं लागतं त्याला जास्त की प्राध्यापकाला जास्त, हे तुम्हीच ठरवा. २०१८ मध्ये स्पेरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्याच पाच वस्त्यांमधली रेकॉर्डिंग्ज तपासली तर ही दरी त्यांना दिसलीच नाही, एकाच वर्गातल्या घराघरांत मात्र भरपूर फरक दिसला.

पण माझी मुख्य तक्रार आकड्याबद्दल नाहीये. शब्द मोजणं हेच मला चुकीचं माप वाटतं, कारण बाळ भाषा शिकतं ते कानावर किती शब्द पडले यावर कमी आणि त्याने काढलेल्या आवाजाला उत्तर कधी आलं यावर जास्त. आता इथे मी जरा रमणार आहे, कारण हा माझा अत्यंत आवडता प्रयोग आहे.

२००३ साली मायकल गोल्डस्टीन, अँड्र्यू किंग आणि मेरेडिथ वेस्ट यांनी साधारण आठ महिन्यांच्या बाळांना आयांसोबत खेळायच्या खोलीत बसवलं. आयांच्या कानात हेडफोन. एका गटातल्या आईला सूचना अशी की बाळाने आवाज काढला रे काढला की लगेच हसा, जवळ सरका, हात लावा. दुसऱ्या गटातल्या आईनेही अगदी तेच करायचं, तितक्याच वेळा हसायचं, तितक्याच वेळा स्पर्श करायचा, फक्त कधी ते बाळाच्या आवाजावरून ठरणार नाही. पहिल्या गटातल्या एखाद्या आईचं जे टाइमटेबल झालं तेच जसंच्या तसं दुसऱ्या गटातल्या आईला हेडफोनमधून दिलं जायचं. म्हणजे माया तेवढीच, हसू तेवढंच, स्पर्श तेवढाच, फरक फक्त टायमिंगचा. आणि काय झालं? ज्या बाळांना वेळेवर उत्तर मिळालं त्यांचे आवाज त्याच बैठकीत जास्त बोलण्यासारखे झाले, नुसत्या ‘आऽऽ’ऐवजी व्यंजन-स्वर जोडलेली ‘बा’, ‘दा’सारखी अक्षरं पटापट यायला लागली. दुसऱ्या गटात असं काही झालं नाही. आणि गंमत म्हणजे आई यात एक शब्दही बोललेली नाही! म्हणजे बाळ नक्कल करत नव्हतं, नक्कल करायला समोर आवाजच नव्हता. आपल्या कुठल्या आवाजाने समोरचं माणूस हलतं हे ते शोधत होतं.

यातले वेस्ट आणि किंग हे मुळात पक्ष्यांचे अभ्यासक. काउबर्ड नावाचा एक अमेरिकन पक्षी आहे, कोकिळेसारखा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालणारा. त्याच्यात नर गातो, मादी गात नाही. तरीही तरुण नराचं गाणं माद्यांच्या पसंतीकडे वळत जातं. कसं? या दोघांनी व्हिडिओ लावून बघितलं तेव्हा दिसलं की नराच्या गाण्यातला एखादा तुकडा मादीला आवडला की ती पंख किंचित झटकते, झटकन, डोळ्याची पापणी लवावी तसं, आणि नर तोच तुकडा पुन्हा पुन्हा घेतो. न गाणारी मादी गाणं शिकवते. १९८८ मध्ये हे ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलं, आणि पुढे त्यांना वाटलं की माणसाच्या बाळाचंही असंच नसेल कशावरून.

याला कंटिन्जन्सी म्हणतात, म्हणजे माझ्या क्रियेला जोडूनच आलेली प्रतिक्रिया. अगदी तान्ह्या बाळांत ही जोडणी फार नाजूक असते, दोन-तीन सेकंद उशीर झाला की ‘हे माझ्यामुळे झालं’ हे कळेनासं होतं. मोठी माणसं गप्पा मारताना एकाचं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यात सरासरी साधारण २०० मिलिसेकंद जातात, आणि एखाद्या चित्राला नाव द्यायला मेंदूला ६०० च्या आसपास लागतात, म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज बांधून उत्तर जुळवत असतो, आणि या कौशल्याची पायाभरणी बोलता यायच्या कितीतरी आधी या ‘बा-दा’च्या देवाणघेवाणीत होत असते.

बाळांच्या भाषेवर संशोधन करणाऱ्या पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन चिनी ऐकवली, बारा बैठका. समोर जिवंत माणूस खेळत-बोलत होतं त्या बाळांनी चिनी ध्वनींमधले बारीक फरक पकडले. तोच मजकूर टीव्हीवर किंवा नुसत्या ऑडिओवर ऐकलेल्यांनी काहीच पकडलं नाही. स्क्रीन बाळाची वाट बघत नाही ना. तेव्हा ‘ब्रेन डेव्हलपमेंट’चे व्हिडिओ आणि ‘जीनियस बेबी’ अ‍ॅप विकणाऱ्यांपासून लांबच राहा. मोझार्ट ऐकवून हुशार बाळ हाही तसलाच प्रकार, १९९३ चा मूळ प्रयोग कॉलेजच्या मुलांवर होता आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटं टिकला होता, तरी १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने नवजात बाळांना शास्त्रीय संगीत वाटायला सरकारी पैसे मागितले. बाळाचं भविष्य कपाळावर लिहिलेलं असतं म्हणणारे आणि सीडीवर लिहिलेलं असतं म्हणणारे, मला फार फरक दिसत नाही.

आता गरिबीकडे येऊ. वेळेवर उत्तर द्यायला लागतं काय? प्रेम लागतं, ते आहेच. पण लक्ष लागतं, आणि ते तुटलेलं चालत नाही. २०१७ च्या एका प्रयोगात ३८ आयांनी दोन वर्षांच्या मुलांना दोन नवे शब्द शिकवले. एक शब्द शिकवताना मधेच आईचा फोन वाजला, दुसरा सलग शिकवला. दोन्ही शब्द तितक्याच वेळा उच्चारले गेले तरी मुलं शिकली ती फक्त सलग शिकवलेला. फोन निदान वाजून थांबतो. भाडं, उधारी, उद्या काम मिळणार की नाही ही घंटा डोक्यात दिवसभर चालू असते.

मोनिका एलवुड-लोव आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना आधी कसल्याही तंगीचा स्वतःचा अनुभव आठवायला सांगितला, मग मुलासोबत सोडलं, तर ते मुलाशी कमी बोलले, विशेषतः ज्यांना पैशाची तंगी आठवली ते. आणि घरातल्या रेकॉर्डिंगमध्ये महिनाअखेरीला, म्हणजे हातात पैसे संपत आलेले असताना, आई आणि मूल यांच्यातली देवाणघेवाण घटलेली दिसली. तीच आई, तेच मूल, तारीख वेगळी. मग आईला ‘बोला हो मुलाशी’ असं शिकवणाऱ्या पोस्टरने नेमकं काय होणार? तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवरचा २०१३ चा अभ्यासही असाच आहे, तोच शेतकरी ऊस विकला जाण्याआधी बुद्धीच्या चाचणीत कमी पडला आणि पैसे हातात आल्यावर वर गेला.

मग मदत कसली करायची? सगळ्यात भक्कम पुरावा जमैकाचा. किंग्स्टनमध्ये १९८६-८७ ला सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि सुसान वॉकर यांच्या टीमने वाढ खुंटलेली १२९ गरीब बाळं घेतली. काहींना दुधाचा पूरक आहार, काहींच्या घरी आठवड्यातून तासभर आरोग्यसेविका येऊन आईसोबत बाळाशी खेळायची, काहींना दोन्ही, काहींना यातलं काही नाही. खेळणी टाकाऊ वस्तूंची. दोन वर्षांत संपलं. वीस वर्षांनी बघितलं तर ज्यांच्याकडे खेळायला बाई येत होती त्यांची कमाई बाकीच्यांपेक्षा २५ टक्के जास्त, नुसत्या दुधाने एवढा लांबचा फरक पडला नव्हता. माझ्या मते इथे महत्त्वाचं हे की ती बाई भाषण द्यायला येत नव्हती, आईचं जे चाललंय त्यातलं चांगलं दाखवून द्यायची, आणि आठवड्यात एक तास तरी आईला बाळाकडेच बघायची मुभा मिळायची.

नुसते पैसे दिले तर? अमेरिकेत ‘बेबीज फर्स्ट इयर्स’ नावाच्या चाचणीत १००० गरीब आयांना चिठ्ठ्या टाकाव्या तशी विभागणी करून दरमहा ३३३ किंवा २० डॉलर दिले. २०२२ मध्ये बातम्या झळकल्या की पैशाने बाळांचे मेंदू बदलले! मूळ पेपर वाचला तर ईईजीतला, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखातला, फरक सांख्यिकीच्या कडक चाळणीतून गेल्यावर डगमगत होता, आणि मुलं चार वर्षांची झाली तेव्हा भाषा, वागणूक वगैरेंत दोन गटांत ठळक फरक निघाला नाही. आता याच्या उलट हाकाटी, पैसे वाया गेले. अहो, मधे कोविड येऊन गेला, घरखर्च भागेल एवढी ती रक्कम नव्हती, आणि मुळात तान्ह्या बाळाच्या आईकडे भाड्याला पैसे असावेत हे सिद्ध करायला मेंदूचा ग्राफ का लागावा?

मला विचाराल तर ज्या गोष्टी पालकांच्या डोक्यातली घंटा बंद करतात त्या सगळ्या बालविकासाच्या योजना आहेत. आठवडाभर आधी कळणारी शिफ्ट, बाळंतपणाची पगारी रजा, ठरलेल्या तारखेला नक्की जमा होणारी मदत, एका खिडकीवर संपणारा अर्ज, कामाच्या जागेजवळ पाळणाघर. आणि घरी भेटी देणारी ताई असेल तर तिच्याकडे घरं इतकी भरमसाट नकोत की तिला तासभर बसताच येणार नाही, कारण मग तीही घड्याळाकडे बघत रजिस्टर भरणार.